आम्ही पाचच जण आहोत, हे साइटवर सांगावं का?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एका छोट्या वेब डेव्हलपमेंट एजन्सीत नऊ वर्षं आहे. कार्डावर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ छापलंय. खरं विचाराल तर ज्या कामावर दुसऱ्या कोणाचं नाव नाही ते सगळं माझं. क्लायंटच्या मागे लागून मजकूर मिळवायचा, बिल पाठवायचं, बिलाची आठवण करायची, आठवण केल्याचं वाईट वाटून घ्यायचं. साइट लाइव्ह जायच्या आधी खणातल्या सहा जुन्या फोनांवर ती उघडून बघायची. त्यातल्या एका फोनची काच फुटलेली आहे आणि सगळे बग नेमके त्याच्यावरच सापडतात.

आता आमची स्वतःची साइट नव्याने करायची ठरलंय. लोकांच्या साइट करता करता आपली तशीच राहिली, दिव्याखाली अंधार. सध्याची २०१४ सालची आहे. वर सरकत्या चित्रांची पट्टी: पहिल्या चित्रात कोटवाले दोघे हस्तांदोलन करताहेत, दुसऱ्यात काचेच्या इमारती, तिसऱ्यात हेडसेट लावलेल्या एक हसऱ्या बाई. सगळे विकतचे फोटो. आमच्या ऑफिसात एकही हेडसेट नाही. एका क्लायंटनी मला फोनवर विचारलं होतं, ‘त्या फोटोतल्या मॅडम तुम्हीच ना?’ मी घाईत होते, ‘हो’ म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून ते माझ्याशी जरा जास्तच अदबीने बोलतात.

तर ‘आमच्याविषयी’ हे पान मला लिहायचंय आणि घोडं तिथे अडलंय. सरांचं म्हणणं, ‘२५+ तज्ज्ञांची टीम’ असं लिही. आणि आम्ही आहोत पाच. कोण कोण ते सांगते, म्हणजे अडचण कळेल.

सर, म्हणजे मालक. त्यांनी सुरुवात फ्लॅशमध्ये केली, म्हणजे साइटवर हलती चित्रं करायच्या जुन्या तंत्रात. जुन्या लोकांना आठवेल, साइट उघडली की आधी अर्धा मिनिट काहीतरी फिरायचं, चमकायचं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘स्किप इंट्रो’. ते फिरणारं-चमकणारं सर करायचे. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा कारभार आटोपला. सरांच्या एका हार्ड डिस्कवर त्यांच्या चाळीसेक इंट्रो अजून आहेत, पण ब्राउझर आता त्यांना ओळखही दाखवत नाहीत. हल्ली सर क्लायंट आणतात, कोटेशन देतात. पण रात्री कधीतरी हात शिवशिवतात, मग थेट लाइव्ह सर्व्हरवर जाऊन ‘छोटंसं’ काहीतरी बदलतात. सकाळी गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था) एक कोड आणि सर्व्हरवर दुसरा. विचारलं तर म्हणतात, ‘मी? छे!’ लॉगमध्ये वेळ रात्री १:४० ची असते.

दुसरा आमचा बॅकएंडवाला, म्हणजे साइटच्या पडद्यामागचा कोड सांभाळणारा. दिवसाला मोजून वीस शब्द बोलतो. आमच्या साइट ज्या पीएचपी भाषेवर चालतात, तिच्या ७.४ आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येणं बंद. आमच्याकडे तेव्हा त्यावर चालणाऱ्या ३१ साइट होत्या. नवीन कामं सांभाळून ह्या माणसाने चार महिन्यांत त्या एकेक करून ८ वर आणल्या. प्रत्येक साइटची आधी कॉपी काढायची, तिच्यावर आवृत्ती बदलायची, एरर लॉग उघडून बसायचं. मग सापडणार एखादं प्लगइन (साइटला जोडलेला दुसऱ्या कोणाचा तयार कोड), ज्याच्या लेखकाने सहा वर्षांत तोंड दाखवलेलं नाही. ते हाताने दुरुस्त करायचं, नाहीतर त्याला पर्याय शोधायचा. सगळं झाल्यावर एक क्लायंट मला म्हणाले, ‘पण बदललं काय? साइट तर होती तशीच दिसतेय.’ अहो, होती तशीच दिसावी म्हणूनच तर चार महिने गेले! हे बिलात कसं लिहायचं ते मला अजून जमलेलं नाही.

तिसरी डिझायनर. अर्धा दिवस येते आणि पूर्ण दिवसाचं काम करून जाते. तिचं भांडण राखाडी रंगाशी. क्लायंटना पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं फार ‘क्लासी’ वाटतात. ही सांगते, साध्या आकाराच्या अक्षराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट पाहिजे, तसा नियमच आहे. क्लायंटना नियमाचं काय! एकदा तिने एका क्लायंटना फोन घेऊन भर दुपारी गच्चीवर नेलं आणि म्हणाली, ‘आता तुमचाच पत्ता वाचून दाखवा.’ त्यांनी डोळे बारीक केले, फोन जवळ नेला, लांब नेला. खाली आल्यावर रंग गडद झाला.

चौथा फ्रंटएंडचा, म्हणजे साइटची दिसणारी बाजू बांधणारा मुलगा, दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून थेट आलाय. तो आल्यापासून ऑफिसात ‘पण का?’ हा प्रश्न फार वाढलाय. पाचवी मी. शिवाय सर्व्हरचं बघणारे एक गृहस्थ आहेत, ते बाहेरून काम करतात. त्यांना आम्ही वर्षातून दोनदा बघतो, एरवी नुसता आवाज. आमच्यात त्यांना ‘अर्धा’ म्हणतात. म्हणजे एकूण साडेपाच.

खोटं आम्ही आजही बोलतोच म्हणा. साइटवर सपोर्ट, बिलिंग आणि सेल्स असे तीन ईमेल पत्ते आहेत. तिन्ही माझ्याच इनबॉक्सात येतात. मागे एका क्लायंटने सपोर्ट आणि बिलिंग दोघांना एकच तक्रार पाठवली. मी सपोर्टकडून उत्तर दिलं, मग बिलिंगकडूनही दिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘तुमच्या दोन विभागांत इतका समन्वय पाहून बरं वाटलं.’

सरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मोठे क्लायंट पहिल्याच भेटीत विचारतात, किती लोक आहात? पाच म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एखादा सोडून गेला तर? तो प्रश्न चुकीचा नाही.

तर जाणकारांनी सांगावं. आकडा द्यावा का? नावं, फोटो द्यावेत का? (नाव दिलं की नोकरी देणाऱ्यांचे फोन सुरू होतात, हा सरांचा दुसरा धसका.) आणि जे क्लायंट म्हणून ही पानं वाचतात, ते नक्की काय शोधतात?

खटपट्या:

सरांना अनुमोदन. आधी काम मिळू दे, खरेपणा नंतर. ‘आमच्याविषयी’ कोणी वाचत नाही, लोक केलेली कामं बघतात आणि फोन लावतात. २५ नको असेल तर आकडाच टाकू नका, ‘अनुभवी टीम’ लिहा आणि विषय संपवा. एका पानासाठी एवढी चर्चा म्हणजे अतिच झालं.

जुनाखिळा:

खटपट्या, पान कोणी वाचत नाही हे खरं नाही. काम द्यायचं जवळपास ठरलं की माणूस ते एकदा उघडून बघतोच, लग्न ठरवताना चौकशी करतात तसं.

अर्धविराम, मी स्वतः अकरा वर्षं अशी एजन्सी चालवली. सातजण होतो, साइटवर ‘३०+’. आता बंद केली, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आकडा फुगवण्यातला धोका क्लायंटला खोटं कळण्याचा नाही. आपणच त्यावर विश्वास ठेवायला लागतो, तो खरा धोका. तीस जण असले की कोणीतरी बघत असेलच, असं सातजणांनाही वाटायला लागतं. आमच्याकडे एका क्लायंटचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आमच्या पहिल्या प्रोग्रामरने स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं, घाईत, सोय म्हणून. सहा वर्षांनी तो सोडून गेला. त्याचा ऑफिसचा ईमेल आम्ही नियमाप्रमाणे, अगदी शिस्तीत, बंद केला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच पत्त्यावर येत होत्या. खात्यात भरलेल्या कार्डाची मुदत आधीच उलटलेली. एका सोमवारी सकाळी क्लायंटचा फोन: साइट दिसत नाही. दहा मिनिटांनी दुसरा फोन: ईमेलही येत नाहीत. डोमेन गेलं की नुसतं पान जात नाही, त्या नावावरचे सगळे पत्ते मुके होतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि आम्हाला नव्याने कळलं.

डॉट कॉम डोमेन रजिस्ट्रारने (नावं नोंदवणाऱ्या कंपनीने) रद्द केलं की ३० दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि मग ते जगाला खुलं. आम्ही त्या ३० दिवसांतल्या एकविसाव्या दिवशी पोचलो. म्हणजे साइट तीन आठवडे बंद होती? नाही, आधी जुन्या प्रोग्रामरचा नंबर शोधण्यात दोन दिवस, त्याने पासवर्ड आठवण्यात दोन, मग खात्यावर ओळख सिद्ध करण्यात बाकीचे... हो, म्हणजे तीन आठवडेच झाले की. हिशोब करायला अजून नको वाटतं. तो बिचारा सोडून गेल्यावरही आमच्यासाठी धावपळ करत होता. त्याचा दोष नव्हता. त्या खात्याची नोंद कुठेच नव्हती, आणि ती ठेवायचं काम कोणाचं, हे सातजणांत कधी ठरलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात ‘बस फॅक्टर’ म्हणतात. किती माणसं बसखाली आली तर काम ठप्प होईल, तो आकडा. बहुतेक छोट्या एजन्सीत तो एक असतो, आणि तो एक म्हणजे बहुतेक वेळा तुमच्यासारखी बाई, जिच्या डोक्यात सगळ्यांच्या तारखा आहेत. बॅकएंडवाला नव्हे हो, तुम्ही. ‘कोणाचं काय कधी संपतंय’ ते उद्याच एका तक्त्यात उतरवा आणि दुसऱ्या एकाला तो उघडता येतो का, ते त्याला समोर बसवून बघा.

आणि ‘एखादा सोडून गेला तर?’ ह्याचं उत्तर पानावरच लिहा. डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्याच नावाने घेतो. कोड गिटमध्ये असतो आणि त्याचा ताबा तुम्हाला मिळतो. प्रत्येक साइट आमच्यातल्या दोघांना माहीत असते. हे तिन्ही खरं असेल तर पाच हा आकडा खुशाल मोठ्या अक्षरात छापा. खरं नसेल तर २५ छापूनही उपयोग नाही.

अवांतर: फ्रेड ब्रुक्स ह्यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ ह्या पुस्तकात मांडलेला हिशोब सरांना सांगा. पाच माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या होतात १०. पंचवीस माणसांत ३००. २५ ची टीम म्हणून मिरवायचं तर ३०० जोड्यांचे गैरसमजही आपलेच. तुमच्याकडे दहाच आहेत, त्यातल्या चार त्या वीस शब्दवाल्याच्या.

अर्धविराम:

जुनाखिळा काका, तक्त्याचं वाचून पोटात गोळा आला. डोक्यात ४७ डोमेन आहेत, आत्ता मोजली. लिहायला घेते.

‘कोड गिटमध्ये’ हे मात्र सरांच्या रात्रीच्या उद्योगामुळे छातीठोकपणे लिहिता येत नाही. :)

उंबरठा:

मी तुमच्या भाषेतली क्लायंट. एक छोटी प्रशिक्षण संस्था चालवते, तांत्रिक काही कळत नाही. काय शोधतो विचारलंत म्हणून लिहिते.

पहिल्यांदा साइट करून घेतली ती अशाच मोठ्या टीमच्या पानाला भुलून. बारा चेहरे, बारा पदं. काम सुरू झाल्यावर पाच वेगवेगळ्या लोकांचे ईमेल यायचे आणि कोणीच आधीच्याचा वाचलेला नसायचा. लोगो मी चार वेळा पाठवला. चौथ्यांदा पाठवला तेव्हा विचारलं गेलं, ‘ह्याची ओरिजिनल फाइल आहे का?’ ती पहिल्यांदाच दिली होती. पुढे माझ्या भाच्याने त्या पानावरच्या ‘क्रिएटिव्ह हेड’चा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. तेच गृहस्थ एका दातांच्या दवाखान्याच्या साइटवर डॉक्टर होते आणि एका विमा सल्लागाराकडे समाधानी ग्राहक. रागापेक्षा हसूच जास्त आलं, पण त्यानंतर त्या एजन्सीने काहीही सांगितलं की मला आधी तो दातांचा डॉक्टर दिसायचा.

आता काम आहे ते तिघांच्या एका गटाकडे. त्यांना का दिलं सांगू? पहिल्या भेटीत मी ऑनलाइन परीक्षेबद्दल विचारलं. त्यातली मुलगी म्हणाली, ‘हे आम्ही कधी केलेलं नाही. दोन दिवस द्या, जमेल की नाही ते बघून सांगते.’ दोन दिवसांनी खरंच फोन आला: जमेल, पण एकाच वेळी दोनशे मुलं बसणार असतील तर सध्याचा सर्व्हर पुरणार नाही. पानावर काय लिहिलं होतं ते आठवतही नाही. बहुतेक तिघांची नावं आणि एक फोन नंबर होता.

मला पाच की पंचवीस ह्याने फरक पडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी साइट बंद पडली तर फोन कोण उचलणार, तेवढं नाव सांगा. फोटो नसला तरी चालेल. असला तर त्याच माणसाचा असावा, इतकीच अट.

आणि ते सपोर्ट-बिलिंग प्रकरण वाचून मी आमच्या जुन्या एजन्सीचे ईमेल पुन्हा काढून बघितले. दोन ‘विभागांना’ एकाच शब्दात एकच चूक करायची सवय होती. आत्ता उलगडा झाला.

पडद्याआड:

मी तो ‘अर्धा’. म्हणजे तुमचा नव्हे (निदान मला तरी तसं वाटतं), पण चार-पाच एजन्सींचा मी अर्धाच आहे. सर्व्हर, डीएनएस (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंदवही), ईमेलची रेकॉर्ड. पंधरा वर्षांत कुठल्याही साइटवर माझं नाव आलेलं नाही, करारातच तसं लिहिलेलं असतं. क्लायंटच्या मीटिंगमध्ये कधी बसलो तर एजन्सीच्या नावाचा ईमेल दिला जातो आणि मीटिंग संपली की काढून घेतला जातो.

तक्रार नाही. पैसे वेळेवर मिळतात आणि क्लायंटशी बोलावं लागत नाही, दोन्ही सुखं आहेत. पण आमचं काम कसं असतं तेवढं सांगतो. साइट सुरक्षित आहे असं ब्राउझरला पटवणारं सर्टिफिकेट लागतं, लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था ते फुकट देते आणि ते साधारणपणे ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, होत नाही तोवर. कोणीतरी फायरवॉलचा एखादा नियम बदलतो, नूतनीकरण गुपचूप फसतं, आणि काही आठवड्यांनी ब्राउझर लोकांना सांगतो की ही साइट धोकादायक आहे. १५ मार्च २०२९ पासून कुठल्याच सर्टिफिकेटला ४७ दिवसांपेक्षा जास्त आयुष्य देता येणार नाही असं ठरलंय. म्हणजे ज्यांनी अजून कॅलेंडरवर तारीख लिहून हाताने सर्टिफिकेट बदलायची पद्धत ठेवली आहे, त्यांचं काही खरं नाही. अर्धविराम, तुमच्या त्या तक्त्यात सर्टिफिकेटचा रकाना नका करू. ते यंत्राकडे द्या आणि ‘यंत्र चालू आहे का’ एवढाच रकाना ठेवा.

साइट एका सर्व्हरवरून दुसरीकडे नेतानाही तेच. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा, म्हणजे बदल केल्यावर जगाला पाच मिनिटांत कळतो. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारी एमएक्स रेकॉर्ड सोबत न्यायची. ती विसरणारा माणूस आयुष्यात एकदाच विसरतो. मी २०११ साली विसरलो. त्या क्लायंटचे दीड दिवसाचे ईमेल कुठे गेले ते अजून कोणाला माहीत नाही. त्यांनाही नाही, आणि कृपया तसंच राहू द्या.

आता नावाबद्दल. प्रत्येक साइटच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल असते, सर्च इंजिनच्या यंत्रांनी कुठे जावं, कुठे जाऊ नये ते सांगणारी. ती पद्धत १९९४ पासून चालत आली आणि २०२२ मध्ये तिला रीतसर मानक म्हणून आरएफसी क्रमांक (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांना देतात तो) मिळाला. तिच्या जोडीला कोणीतरी ‘ह्यूमन्स डॉट टीएक्सटी’ काढली. साधी मजकुराची फाइल, साइट कोणी केली, कोणाचे आभार, कोणती साधनं वापरली. क्लायंटला ती दिसत नाही, गुगलला तिचं काही घेणंदेणं नाही. फार कमी लोक ठेवतात. मला ती कल्पना पहिल्यापासून आवडली.

त्याच्याही आधी मी सीएसएसमध्ये (साइटचं रंगरूप ठरवणारी फाइल) माझी आद्याक्षरं कॉमेंट म्हणून, म्हणजे ब्राउझर सोडून देतो अशी टीप म्हणून, टाकायचो. मग मिनिफायर आले. साइट हलकी करायची म्हणून ते फाइलमधल्या सगळ्या कॉमेंट काढून टाकतात. दोन वर्षं मी जिथे तिथे सही करत होतो आणि प्रत्येक बिल्डमध्ये ती पुसली जात होती, पत्ताच नाही. नंतर कळलं, कॉमेंटच्या सुरुवातीच्या चांदणीला लागून उद्गारचिन्ह टाकलं की बरेचसे मिनिफायर तिला हात लावत नाहीत. ती सोय खरं तर परवान्याच्या मजकुरासाठी आहे. तेव्हापासून माझी सही टिकते. मागच्या वर्षी एका अनोळखी मुलाचा ईमेल आला, एक जुनी साइट नव्याने बांधत होता. त्याने लिहिलं होतं, ‘ह्या साइटचा सर्व्हर लावणारे तुम्हीच का? सगळं इतकं नीट लिहून ठेवलंय, म्हणून शोधलं.’ उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

तुमच्या ‘अर्ध्या’ला विचारा, नाव हवंय का. नको म्हणेल बहुतेक. पण विचारा.

खटपट्या:

बरं बाबा, माझा प्रतिसाद मागे घेतो. एमएक्सवाल्या क्लायंटला मी ओळखत असेन अशी शंका येतेय, पण गप्प बसतो. (ह. घ्या.)

अर्धविराम:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येतेय, कारण तक्ता करण्यात दोन गेले. ४७ डोमेनपैकी सहा सरांच्या वैयक्तिक खात्यात, दोन आमच्याकडून केव्हाच गेलेल्या एका डिझायनरच्या आणि एक चक्क माझ्या! मला आठवतही नव्हतं. नऊच्या नऊ क्लायंटच्या नावावर करून दिली. एकांना वाटलं आम्ही काम सोडतोय, त्यांची समजूत काढण्यात एक आख्खी दुपार गेली. तक्ता बॅकएंडवाल्याला समोर बसवून उघडायला लावला. उघडला. म्हणाला, ‘छान.’

पानासाठी प्रत्येकाला स्वतःबद्दल दोन ओळी लिहून मागितल्या होत्या. बॅकएंडवाल्याने एकच दिली: ‘साइट काल होती तशी आज आहे, ते माझं काम.’ मी एक अक्षर बदललेलं नाही. आता बिलातही तेच लिहावं असा विचार आहे. डिझायनरने मजकूर सोडून आधी पानाचा राखाडी रंग दुरुस्त केला, फोटो द्यायला मात्र तयार नाही. मुलाला नावापुढे ‘सीनियर’ हवं होतं. ‘पण का?’ असं मी विचारलं, त्यावर पहिल्यांदाच त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या अर्ध्यांना फोन केला. पडद्याआड, तुम्ही म्हणालात तसंच झालं, आधी ‘नको’ म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला, ती टीएक्सटीची फाइल ठेवणार असाल तर तिच्यात चालेल. ठेवली. त्यात सहा नावं आहेत आणि सहाही पूर्ण.

शुक्रवार संध्याकाळसाठी पानावर माझं नाव आणि नंबर आहे, मी नसेन तेव्हा सरांचा. सर कुरकुरले, मग म्हणाले, रात्री जागा असतोच. तेव्हा मी रात्री १:४० चा विषय काढला. आता लाइव्ह सर्व्हरवर थेट लिहिण्याचा अधिकार त्यांच्या लॉगिनला नाही. त्यांनीच काढायला सांगितला, फक्त चेहरा पाडून. त्या बदल्यात मुलाने त्यांच्या इंट्रोंपैकी एक आजच्या कोडमध्ये पुन्हा बांधून दिली. आमच्या साइटच्या अगदी तळाशी एक बारीक ठिपका आहे, त्यावर क्लिक केलं तर अर्धा मिनिट काहीतरी फिरतं आणि चमकतं. ‘स्किप इंट्रो’सकट.

आकड्याचं मात्र पूर्ण मिटलं नाही. २५+ गेलं. सरांनी स्वतः बदलून ‘५+’ केलं. ते अधिकचं चिन्ह काढायला काही केल्या तयार नाहीत. म्हणतात, अर्धा आहे ना वरचा, खोटं कुठे आहे त्यात?

सरकती पट्टी परवा काढली. काल त्या जुन्या क्लायंटचा फोन, आवाज काळजीचा: ‘मॅडम, साइटवर तुमचा फोटो दिसला नाही. नोकरी सोडलीत की काय?’

म्हटलं, नाही हो, फक्त हेडसेट सोडला.